तीन पॉइंट चारला वॉलरस ठाऊक नाही

ऑक्टोबरात ट्रोम्सोचा सूर्य
कंटाळलेल्या कारकुनासारखा वागतो:
उशिरा येतो, लवकर निघतो,
नोव्हेंबर सरता सरता येणंच सोडतो.
राग्नफ्रिदच्या टेबलावर त्यामुळे
पिवळं म्हणावं असं एकच काही उरलंय,
ओळ एकशे बाराच्या पायाशी
लिंटरने ओढलेली नागमोडी रेघ.

"हे चिन्ह पायथन तीन पॉइंट आठच्या आधी चालत नाही."

चिन्ह म्हणजे काय, तर विसर्ग,
आणि त्याला खेटून बरोबरची खूण.
मान वाकडी करून पाहिलं की
दोन डोळे, दोन सुळे.
म्हणून त्याचं नाव वॉलरस.
तिचं फार लाडकं.
मोजायचं आणि मोजलेलं हातात राखायचं, एका दमात,
तिचा भाऊ जाळ्यातून मासा सोडवता सोडवताच
त्याचं वजन सांगून टाकतो, तसं.

"इशारा बंद कर ना," सिंड्रे म्हणतो.
सव्वीस वर्षांचा आहे, कॉफी उभ्यानेच पितो.
"एक ओळ लिही, लिंटर गप्प.
तीन पॉइंट चार आता चालवतं कोण?"

ऑडवार चालवतो.
स्कारवोया बेटावर, हवामान ठाण्यात,
शेगडीपासून दोन हातांवर.
ते मशीन बसवलं त्या वर्षी
राग्नफ्रिदला मुलगी झाली.
मुलीचे दुधाचे दात येऊन पडूनही गेले,
तिथली आवृत्ती तीच.
बोट जुलैत जाते.
मधल्या काळात उपग्रहाच्या सुईच्या नेढ्यातून
चाळीस किलोबाइटची फाइल जाते कशीबशी,
नवी आवृत्ती जात नाही.

ती फोन लावते.
आवाज जाऊन यायला वेळ लागतो,
दोघांनाही त्याची सवय आहे, कुणी घाई करत नाही.
"मशीन कसं आहे?"
"घोंगडी घातलीय. घरघरतं, पण उठतं."
"आणि बाहेर?"
"सतरा जण पडलेत दगडांवर. सकाळपासून."
"कोण सतरा?"
"वॉलरस, दुसरं कोण?"

ती इतकी हसते
की सिंड्रे हेडफोन काढतो.
खिडकीबाहेर सतरा,
आणि आतल्या मशीनला एकही ठाऊक नाही.

वाडसोला तिचे वडील
आत्या आली की आपोआप क्वेन बोलायला लागायचे,
अवघड नॉर्वेजियन शब्द
ओल्या बुटांसारखे दाराबाहेर काढून ठेवायचे.
त्याच क्वेन शब्दांखाली, त्यांच्या लहानपणी,
मास्तर लाल रेघ ओढत.
लाल म्हणजे: तू चुकलास.
या पिवळीला तसं काही म्हणायचं नसतं बहुतेक.
तिचं एवढंच, की
पलीकडे कोण वाचणार आहे, आठवतंय ना?
किंवा तेवढंही नसेल.
एका यादीशी दुसरी यादी ताडून पाहणारा
प्रोग्राम आहे तो. त्याला काय कोणाची आत्या.

तरी ती सुळे पुसते.
एका ओळीच्या दोन करते:
आधी वाऱ्याचा वेग घे, नाव दे.
मग विचार, वीसच्या वर गेला का?
लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं
तशा दोन ओळी.
सिंड्रेला त्या ढोबळ वाटतात.
त्या ढोबळच आहेत.

संध्याकाळी सहाची नोंद वेळेवर आली.
वारा उत्तर-ईशान्येचा, मीटर अकरा.
तापमान उणे दोन.
शेरा या रकान्यात, जिथे ऑडवार
वर्षानुवर्षं नुसती आडवी रेघ टाकतो,
आज अक्षरं:
"सतराचे अठरा झाले. मोजले, मग लिहिले."

तिने ते दोनदा वाचलं.
मग पडदा खाली सरकवला.
ओळ एकशे एकतीस, अवतरणाच्या आधी
एकटाच उभा इंग्रजी एफ, आणि त्याखाली पिवळं:
"हे तीन पॉइंट सहाच्या आधी चालत नाही."

उद्या बघू, म्हणाली ती,
आणि मोजे शोधायला लागली.